एका पायमोज्याचे उपकार

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

निघताना उंबऱ्यात उभं राहून तुम्ही बजावलं होतं, "माझं नाव कुठं टाकू नकोस, नाहीतर जत तालुक्यातली सगळी कुत्री माझ्या दारात उभी राहतील." म्हणून नाव टाकत नाही, गावही सांगत नाही. पण पत्र लिहिणार नाही, असं काही मी कबूल केलं नव्हतं.

आमचा पाखऱ्या तुम्ही बघितलाय, बाकीच्यांसाठी सांगतो. नाव बैलाचं, पण आहे कुत्रा. आजीनं ठेवलंय, तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. अथणी, जमखंडी ओलांडून कर्नाटकातल्या मुधोळच्या बाजूनं दीड महिन्याचा असताना आणलेला. शिडशिडीत अंग, लांबोडकं तोंड, अंगावर केस म्हणाल तर नावाला. रक्त मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याचं आहे. शिकार 1972च्या कायद्यानं बंद झाली, ते बरंच झालं. आमच्याकडं त्याचं काम मेंढरं राखायचं आणि रात्री मक्यातली डुकरं हुसकवायचं. पण तो कायदा पाखऱ्याला कुणी वाचून दाखवलेला नाही. समोरून ससा उठला की त्याला हाक ऐकू येत नाही.

त्या दिवशी ससाच उठला आणि ओढ्याकडंच्या वेड्या बाभळीत घुसला. पाठोपाठ हा. ती जाळी अशी आहे की आम्ही कुऱ्हाड घेऊनसुद्धा आत जात नाही. ससा गेला आपल्या वाटेनं. हा बाहेर आला तेव्हा डाव्या कानाची कड इंचभर फाटलेली होती.

चीर इंचभराची, पण रक्त बघून वाटावं बोकड कापलाय. उभा राहिला की थेंब थेंब गळायचं, आणि मान झटकली की भिंतीवर, हंड्यावर, आईच्या पातळावर शिंतोडे. आजीनं मूठभर हळद दाबली. पुढच्या झटक्याला हळद आणि रक्त दोन्ही आमच्या तोंडावर. मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला चुना-तंबाखू भर, दुसरा म्हणाला ट्रॅक्टरचं काळं ऑइल लाव. तिसरा तर घरातून अंगदुखीची गोळीच घेऊन आला, अर्धी दे म्हणून. ती दिली नाही ते नशीब. माणसाच्या असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लागते, हे तुम्ही नंतर सांगितलंत, तेही आवाज चढवून. गोळी आणणारा माझ्या शेजारीच खाली मान घालून बसला होता, हे तुम्हाला माहीत नव्हतं.

तुमच्याकडं यायच्या आधी मी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. पहिल्या ठिकाणी खुर्चीवरच्या माणसानं विचारलं, "बिल्ला नंबर काय?" म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर 12 आकडी नंबर असतो, तो. मी म्हणालो, साहेब, हे कुत्रं आहे. तर म्हणे, "मग इथं कशाला आणलंस?" दुसरीकडं पैसे घेऊन बघतात म्हणून गेलो, तर बघण्याआधी चौकशी. शिकारीला नेला होतास ना, खरं बोल, नाहीतर केस होईल. मक्याचं सांगितलं, मेंढरांचं सांगितलं, कुणाला पटेना. शेवटी दारातच लांबून एक इंजेक्शन टोचलं, सहाशे रुपये घेतले आणि "कानाला काय होतंय, सुकेल" म्हणून वाटेला लावलं. या जातीचं 2005 साली टपालाचं तिकीट निघालंय म्हणतात. तिकिटावर जागा मिळाली, पण इथं तालुक्याला कानाला कापूस लावायला कुणी मिळेना.

राग पैशाचा नाही, आप्पा. दोन दिवसांत तो कान कुणी हातात धरून बघितला नाही, त्याचा आहे.

तिसऱ्या दिवशी दूध घालायला गेलो, तेव्हा डेअरीतल्या माणसानं तुमचं घर सांगितलं. "रिटायर झालेत, पण जनावर दारात आलं तर नाही म्हणत नाहीत." गाडीवर पाखऱ्याला पुढ्यात घेऊन आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तुमच्या हातात चहाची बशी होती. ती ठेवलीत आणि सरळ फरशीवर मांडी घातलीत. "बा, बा इल्ली," म्हणालात, कानडीत "ये, ये इकडं". घरातल्यांना तीन दिवस कानाजवळ फिरकू न देणारं कुत्रं तुमच्या मांडीवर हनुवटी टेकून बसलं. आमच्या घरात कानडी कुणाला येत नाही. त्याला पिल्लूपणातलं काही आठवलं असेल काय, कोण जाणे.

मग तुम्ही मोबाइलची बॅटरी कानाच्या मागून धरलीत. ते मी विसरणार नाही. तांबूस उजेडात पिंपळाच्या पानासारख्या शिराच शिरा दिसल्या, पार कडेपर्यंत. "बघ," म्हणालात, "दोन्हीकडून पातळ कातडी, मध्ये कुर्चा, आणि एवढ्या शिरा. इथं काटा ओढला की रक्त येणारच. पण जखम एवढीशीच आहे. खपली धरते, हा झटकतो, परत उघडते. आता झटकतोय कशासाठी ते बघू." आणि कानाच्या तोंडाशीच अडकलेलं कुसळ तुम्हाला दिसलं. दिवाळीच्या तोंडावर गवत वाळलेलं असतं, आमच्या धोतर-पायजम्यातून कुसळं निघता निघत नाहीत, पण ते कुत्र्याच्या कानात गेलं असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवलंत. "आत उतरलं असतं तर मी हात लावला नसता, डॉक्टरकडंच पाठवला असता," हेही सांगितलंत. स्वतःला काय येतं आणि काय येत नाही हे असं सरळ सांगणारा माणूस मला त्या तीन दिवसांत पहिल्यांदा भेटला.

पुढचं सगळं लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी घरीच चिमटा घेऊन बसेल आणि तुम्ही माझी खरडपट्टी काढाल.

पायमोज्याचं मात्र लिहिणारच. कान डोक्यावर दुमडून, खालीवर गॉज ठेवून तुम्ही पट्टी बांधलीत, तर पाखऱ्यानं दोनदा ती पंजानं ओढून काढली. "ताणणारं काहीतरी पाहिजे," असं तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात. तुमची नात ओसरीवर पाढे लिहीत होती. ती उठली, दोरीवरचे शाळेचे पांढरे पायमोजे ओढले आणि त्यातला एक तुमच्यापुढं धरला. काकू आतून ओरडल्या, "अगं, उद्या शाळेला काय घालशील?" तर म्हणाली, "उद्या पीटी नाही." तुम्ही पुढचा भाग कापला, नळी पाखऱ्याच्या डोक्यावरून सरकवली, गळ्याशी दोन बोटं घालून आवळत नाही ना ते बघितलंत. कानटोपी घातलेल्या म्हातारीसारखा दिसत होता. पोरगी खुदकन हसली, वहीकडं वळली, पुन्हा उठली आणि दुसरा मोजाही माझ्या हातात दिला. "हा पण न्या. तो मळला की हा घाला. एकट्याचं मी काय करू?"

अजून पुरता वाळला नव्हता तो. शर्टाच्या खिशात घातला आणि घरी पोचेपर्यंत छातीवर ओलसर लागत राहिला. सहाशे रुपये मोजून मला जे मिळालं नव्हतं, ते या चौथी-पाचवीतल्या पोरीनं पाढे लिहिता लिहिता दिलं. ज्यांच्या कपाटात औषधं भरलेली होती त्यांना माझं कुत्रं नियमात बसतंय का, हा प्रश्न पडला. तिला फक्त मोजा मळेल, हा प्रश्न पडला. हे घरात बघूनच येत असणार. पैसे काढले तेव्हा तुम्हीही "पेन्शन घेतोय की मी" एवढंच म्हणालात आणि गार झालेला चहा पिऊन टाकलात.

एक गोष्ट तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. आम्ही दरवर्षी कोकरांच्या कानाला खुणेसाठी काप मारतो. माझ्या आज्यापासून चालत आलंय, कळपात कळप मिसळला तर आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून. त्यातल्या एकाही कोकरासाठी मी गाडी काढली नाही. परवा काप मारायला बसलो, कान उजेडाला धरला आणि त्या शिरा दिसल्या. काप मारला, मारावाच लागतो. पण पातं आधी उकळून घेतलं, आणि काप झाल्यावर कान बोटांत धरून रक्त थांबेपर्यंत बसलो. वडील म्हणाले, याला काय झालंय?

पाखऱ्याची जखम भरली. तुम्ही सांगितलेलं तसं रोज कान दाबून बघत होतो, फुगला नाही, आत रक्त साकळलं नाही. कडेला कोयरी कापल्यासारखी खाच राहिली आहे, ती राहणारच. पहिले दोन दिवस मेंढरं त्याला ओळखेनात, टोपीवाला बघून मागं सरायची. परवा ससा पुन्हा उठला. हा बाभळीपर्यंत गेला, थांबला, माझ्याकडं बघितलं आणि शेवटी घुसलाच.

सोबत पायमोज्यांचा जोड पाठवतोय, डेअरीतल्या माणसाच्या हाती. दुकानदारानं विचारलं, कितवीच्या मापाचा? मला काही सांगता येईना, अंदाजानं पाचवीचा घेतला. लहान झाला तर परत पाठवा, पाखऱ्याला होईल.

आपला,
पाखऱ्याचा मालक