तेलाची आगोट कोण भरणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात भारताला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचं, म्हणजे पॅरिसच्या त्या आयईएचं पूर्ण सभासदत्व मिळायलाच हवं असा लेख होता. मिळायला हवं, त्याबद्दल माझा काही वाद नाही. पण लेख वाचताना सारखं वाटत होतं की हे लग्नातल्या मानाच्या पानासारखं चाललंय, आपण जगात तेल वापरण्यात तिसरे आणि तरी आपल्याला पहिल्या पंगतीला बसवत नाहीत वगैरे. अहो ती पंगत नाहीये, ती भिशी आहे, आणि भिशीत आधी स्वतःचे भरावे लागतात.

आमच्या अलिबागकडे मे महिन्यात आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं सामान भरायची पद्धत. तांदूळ, मीठ, मिरच्या, सुके बोंबील, सोडे, जवळा आणि माळेत गुंफलेला पांढरा कांदा. कारण एकदा पाऊस लागला की होड्या किनाऱ्याला लागायच्या आणि रस्ता कधी बंद पडेल सांगता येत नसे. माझी आई म्हणायची, शेजारणीकडे वाटी घेऊन जायला लाज नाही, पण तिच्याही घरात पाऊसच लागलेला असतो. आयईए नेमकी या एका गोष्टीवर उभी आहे. 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिका आणि नेदरलँड्सचं तेल तोडलं, काही महिन्यांत भाव चौपट झाले, श्रीमंत देशांच्या पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा 1974 च्या नोव्हेंबरात या मंडळींनी एकत्र येऊन ठरवलं की प्रत्येकाने आपल्या निव्वळ आयातीच्या आधी 60 आणि पुढे 90 दिवसांचा साठा ठेवायचा आणि अडचण आली की सगळ्यांनी मिळून तो सोडायचा. गंमत म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत सागरसम्राट या तेल शोधणाऱ्या जहाजाने आमच्या समोरच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल शोधलं होतं. त्या देशांनी गोदामं बांधायला घेतली आणि आपल्याला वाटलं आता घरातच विहीर लागली. आज आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो.

आता आपली आगोट बघू. विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळचं पादूर, या तीन ठिकाणी खडक पोखरून गुहा केल्यात, तिन्ही मिळून 53 लाख 30 हजार टन. काम चांगलंच झालंय, यात टोमणा नाही. पण त्या काठोकाठ भरल्या तरी साडेनऊ दिवसांचं तेल. तेल कंपन्यांचा साठा धरून 74 दिवस होतात असं सरकारने संसदेत सांगितलंय, पण त्यात त्यांच्या रोजच्या धंद्याचा मालही आला, म्हणजे वाण्याच्या दुकानातले तांदूळ आपल्या कोठीत मोजल्यासारखं. ओडिशात चंडीखोल आणि पादूरला आणखी 65 लाख टनांच्या साठ्याला 2021 मध्ये मंजुरी मिळाली, पण मंजुरीच्या कागदात तेल भरता येत नाही.

आणि हे झालं कच्च्या तेलाचं. स्वयंपाकाच्या गॅसबद्दल तर कुणी बोलतच नाही. आपला साधारण 60 टक्के एलपीजी आयातीचा, आणि त्यातला बहुतेक आखातातून होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्री वाटेने येत आलाय. विशाखापट्टणमला एलपीजीची गुहा आहे तिची क्षमता 60 हजार टन, देशाला एक दिवससुद्धा पुरणार नाही एवढी. 2025 च्या जूनमध्ये इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करायच्या बाजूने कौल दिला तेव्हा टीव्हीवर सगळी चर्चा पेट्रोलच्या भावाची चालली होती, घरच्या सिलेंडरचं काय होईल हे मी तरी कुठे ऐकलं नाही.

1991 आठवा. आदल्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, आयईएच्या देशांनी त्या जानेवारीत पहिल्यांदा एकत्र साठा सोडला. आपल्याकडे सोडायला साठाच नव्हता. परकीय चलन आधीच तळाला गेलेलं, त्यात तेलाचं बिल, आणि शेवटी रिझर्व्ह बँकेचं जवळपास 47 टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला गहाण ठेवायला पाठवावं लागलं. नुसतं तेलामुळेच झालं असं नाही, पण त्याने शेवटचा धक्का दिला हे खरं. आणि उलट उदाहरण पण आहे. 2020 च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनात भाव पडले तेव्हा सरकारने हुशारीने सरासरी 19 डॉलरने तेल घेऊन या गुहा भरल्या आणि 5000 कोटींच्या वर वाचवले. म्हणजे गुहा आणखी असत्या तर अजून वाचले असते, साधा हिशोब आहे.

आता कुणी म्हणेल की हवामान बदलाच्या काळात तेल साठवायचं काय घेऊन बसलात. तर याच आयईएने 2021 च्या मेमध्ये सांगितलं की 2050 ला नेट झीरो, म्हणजे हवेत सोडू तेवढाच कार्बन परत शोषून घेण्याची स्थिती, गाठायचं तर नवीन तेलक्षेत्रांची गरज नाही. मग नोव्हेंबरात ग्लासगोची हवामान परिषद झाली, तिथे कोळसा ‘बंद’ म्हणायचं की ‘कमी’ म्हणायचं यावर शेवटच्या तासापर्यंत ओढाताण, आपण ‘कमी’चा आग्रह धरला म्हणून आपल्यावर खापर फुटलं, आणि ती संपून दहा दिवस होत नाहीत तोच अमेरिकेने पेट्रोल स्वस्त करायला साठ्यातलं 5 कोटी बॅरल तेल काढायची घोषणा केली. आपणही त्यात 50 लाख बॅरल टाकायचं जाहीर केलं, जेमतेम आपल्या एका दिवसाच्या वापराएवढे. कुणाला दोष देत नाही, निवडणुका सगळ्यांनाच असतात. पण तेल कमी करायचंय म्हणून साठा नको हे म्हणणं पटत नाही, कोठीत भरून ठेवलेलं तेल काही जास्त जळत नाही. उलट नव्या इंधनालाही आगोट लागणारच आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर बंधनं आणली आणि पुण्यात ई-स्कूटर बनवणाऱ्यांना मोटरसाठी त्या खनिजांची चुंबकं मिळेनात. सूर्य सगळ्यांचा असला तरी चुंबक एकाच्याच हातात.

सभासदत्वाचं म्हणाल तर आपण 2023 मध्ये रीतसर मागणी केली, 2024 च्या फेब्रुवारीत पॅरिसला त्यांनी बोलणी सुरू करायचं ठरवलं. अडचण अशी की मूळ करारात फक्त ओईसीडीचे, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या त्या संघटनेचे देश बसतात, आणि करार बदलायचा तर जुन्या सगळ्यांनी एकमताने हो म्हणायला हवं. त्यांच्या संस्थेत मताचं वजन बरंचसं तेलाच्या वापरावर ठरतं, म्हणजे आपण आत आलो की त्यांचा वाटा कमी होणार, मग ते रेंगाळणार नाहीत तर काय. ते बदलेल तेव्हा बदलो. गुहा खोदायला मात्र पॅरिसची परवानगी लागत नाही.

एक विनंती आहे. आपण रोज पेट्रोल-डिझेलचा भाव छापता. तेल साठ्याचा आकडा आपल्याला बहुतेक वेळा कळतो तो कुणा खासदाराने संसदेत प्रश्न विचारला की. तो दर महिन्याला सरकारकडून मागा आणि त्या भावाच्या चौकटीतच छापा, आज इतक्या दिवसांचं तेल आणि इतक्या दिवसांचा गॅस शिल्लक, बस्स. नाही दिला तर तसं छापा.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग