अस्वल दाराशी येतं तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली कामं बाजूला ठेवून लगेच उत्तर लिहायला बसलो. बागेतल्या ओल्या मातीत माणसाच्या अनवाणी पावलासारखा ठसा आणि बोटांच्या पुढे नखांचे खड्डे, असं तू लिहिलंस. ते अस्वलच. त्याचं मागचं पाऊल असंच उमटतं. पोरं लहान आहेत म्हणून घर सोडायचा विचार करतोयस, पण एवढ्यात तो करू नकोस. कुंपण कुठलं घ्यायचं हेही नंतर बघू. आधी ते कशासाठी आलं होतं, ते शोध.

त्याला तुझ्याशी काही देणंघेणं नसतं, ते वासावर येतं. अस्वलाइतकं तिखट नाक फार थोड्या प्राण्यांना असतं. आता संध्याकाळी घराभोवती एक चक्कर मार आणि कशाकशाचा वास येतो ते बघ. उघडा कचऱ्याचा डबा, कुत्र्याचं न धुतलेलं भांडं, पाखरांसाठी टांगलेले दाणे, कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं, झाडाखाली सडलेली फळं, मधमाश्यांच्या पेट्या. थंड प्रदेशातली काळी अस्वलं शीतनिद्रेआधी दिवसाला 20,000 कॅलरींपर्यंत खातात. दाण्यांचा एक डबा म्हणजे त्यांना दिवसभराच्या भटकंतीची मजुरी एका जागी मिळाल्यासारखं. वारुळं उकरून वाळवी खाणारं लांब केसांचं अस्वल तर शीतनिद्रा घेतच नाही, म्हणजे त्याची ये-जा बारा महिने. तुझ्याकडे कुठलं आलं ते विष्ठेवरूनही थोडंफार कळेल. फळांच्या बिया आहेत की वाळवीची टरफलं, काडीने उकलून बघ.

मला सगळ्यात जास्त काळजी पहिल्या फुकटच्या जेवणाची वाटते. एकदा पोट भरलं की अस्वल ती जागा विसरत नाही. मादी असेल तर पिल्लंही तिच्यामागून तेच शिकतात, आणि ती दीड-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त, आईबरोबर असतात. मग भीड चेपते, दिवसाढवळ्या दार ढकललं जातं आणि शेवटी बहुतेकदा अस्वलाचाच जीव जातो. म्हणून कचरा उचलून न्यायच्या दिवशी सकाळीच बाहेर ठेव, आदल्या रात्री नको. तोवर डबा पक्क्या दाराच्या खोलीत असू दे. खताच्या खड्ड्यात मांस, हाडं, तेलकट काही टाकायचं नाही, आणि ओला कचरा टाकला की वर वाळक्या पानांचा जाड थर दे. फळं पिकायला लागली की रोज उतरव. पडलेली तर त्याच दिवशी वेच.

पकडून लांब सोडा, असं शेजारी म्हणतात ना? मला ते अजिबात पटत नाही. अस्वलं शंभर किलोमीटरवरूनही परत आल्याची उदाहरणं आहेत. आणि बिबट्यांच्या बाबतीत जुन्नरचा धडा आहेच. तिथे पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासातून दाखवलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर भेदरलेलं असतं, आणि इथे रिकामी झालेली जागा दुसरं कोणीतरी घेतंच.

मधमाश्यांच्या पेट्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याभोवती मात्र झटका मशीनचं कुंपण हवंच. व्होल्टेज 5,000 च्या पुढे, पण झटका क्षणभराचा, त्यामुळे जनावर दचकतं, मरत नाही. घरातल्या विजेची तार सरळ कुंपणाला जोडायची कल्पना कोणी दिली तर त्याला दारातूनच परत पाठव. त्याने जनावर मरतं आणि एखादं पोरही जाऊ शकतं. अर्थिंग नीट कर. कोरड्या जमिनीत झटका बसत नाही, म्हणून एक तार विजेची आणि एक अर्थिंगची अशा आलटून पालटून ओढतात. तारेला टेकलेलं गवत झटका खाऊन टाकतं, ते दर आठवड्याला काप. रानडुकरं खालून घुसतात, त्यांच्यासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेव. साप दिसला म्हणून लिहिलंयस, तो उंदरांमागे येतो आणि उंदीर त्याच खाद्याच्या पोत्यामागे. पोतं पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात गेलं की दोघांचंही येणं कमी होईल.

आता समोरासमोर गाठ पडली तर. पळू नकोस, अस्वल तुझ्याहून कितीतरी वेगाने धावतं. झाडावर चढूनही सुटका नाही, कारण बरीच अस्वलं चढतात. शांत आवाजात बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सर आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेव. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर बहुतेक वेळा नीट बघायला आणि हुंगायलाच. वाळवी खाणारं अस्वल दचकलं की अंगावर येतं. खाण्यात गुंग असताना त्याला चाहूल लागत नाही, म्हणून पहाटे किंवा तिन्हीसांजेला बागेत जाताना बोलत, काठी आपटत जा. त्याने पाडलंच तर पालथा पड, बोटं मानेमागे गुंतव आणि ते जाईपर्यंत हलू नकोस. कुत्र्याला मोकळा सोडू नकोस. तो भुंकत जातो आणि घाबरून तुझ्याकडेच पळत येतो, मागोमाग अस्वल.

मिरचीच्या अर्काचा फवारा जवळ ठेवायला हरकत नाही. अलास्कातल्या 1985 ते 2006 मधल्या घटना तपासल्या तेव्हा तपकिरी अस्वलांना त्याने दहातल्या नऊ वेळा थोपवल्याचं दिसलं. तो फक्त अंगावर आलेल्या अस्वलाच्या तोंडावर मारायचा. कुंपणावर, डब्यावर मारून ठेवलास तर त्या वासाने उलट अस्वलं येतात.

पोरांना घाबरवू नकोस, पण अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, एवढं ठामपणे सांग. आणि वनखात्याला ठशांबद्दल आजच कळव, वाट बघू नकोस.

पेट्यांच्या बाजूची जमीन मुरमाड आहे की काळी, उतार किती, हे उलट टपाली लिही. त्यावरून अर्थिंगचे गज किती खोल घालायचे ते सांगतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र