पीजेचे थांबे

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार
यांस सप्रेम नमस्कार.

पाचोरा-जामनेर या ५६ किलोमीटरच्या नॅरोगेज गाडीला आमच्याकडे पूर्ण नावानं कुणी ओळखत नाही. ती 'पीजे'. २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होऊन हा मार्ग पुढे बोदवडपर्यंत, एकूण ८४ किलोमीटर जाणार आहे. आनंदच आहे. जुने रूळ उखडू नका, असं सांगायला मी लिहीत नाही.

माझं म्हणणं थांब्यांबद्दल आहे. पाचोरा मुंबई-भुसावळ मार्गावर, बोदवड भुसावळ-नागपूर मार्गावर. म्हणजे भुसावळला वळसा घालून दोन मोठ्या लाइनी जोडल्या जातील. मालगाड्या धडधडत जातील आणि वरखेडी, शेंदुर्णी, पहूर नुसते बघत बसतील, ही आमची धास्ती.

माझे आजोबा याच लाइनीवर गँगमन. आजी भरिताच्या वांग्यांची टोपली घेऊन पहाटे स्टेशनात जायची आणि दिसेल त्याला विचारायची, "पीजे उनी का रे?" त्याच डब्यात कॉलेजची पोरं, दुधाच्या कॅन, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला निघालेल्या बाया. (गाडीच्या संथपणावर विनोद करणारे बहुधा मोटारीतून फिरणारे असत.) अडीच फुटी रुळांवरचा डबा मोठ्या लाइनीवर चालत नाही, म्हणून माल पाचोऱ्याला उतरवून पुन्हा भरावा लागे. व्यापाऱ्याला ती कटकट, हमालाची मात्र त्यावर चूल पेटे.

साहेब, नागपूरला मोतीबागेत तुमच्या रेल्वेचं नॅरोगेजचं संग्रहालय आहे. पीजेचं इंजिन तिथं नेलंत तरी तक्रार नाही. पण वांग्यांची टोपली कुठल्या स्टेशनात चढायची, हे इंजिनाला विचारून कळणार नाही. ते जुन्या तिकीट-पार्सलच्या रजिस्टरांत असेल, नाहीतर निवृत्त गँगमन आणि म्हाताऱ्या बायांना ठाऊक असेल. रजिस्टरं उरली असतील तर रद्दीत घालू नका. या माणसांना गाठून त्यांचं बोलणं टिपून घ्या. ती दरवर्षी कमी होताहेत. आणि थांबे त्यानंतर ठरवा.

निदान पहाटेची एक पॅसेंजर प्रत्येक जुन्या स्टेशनात थांबू द्या.

आपला,
पीजेचा एक जुना पासधारक
शेंदुर्णी, ता. जामनेर, जि. जळगाव