नवशिक्याच्या हातात ऑफसेट देणाऱ्या सुपरवायझर साहेबांना

आदरणीय साहेब,
स. न. वि. वि.

आभार मानायचे तर सुरुवात ऑफसेटपासूनच करायला हवी. ऑफसेट म्हणजे पीसचं माप जुळवण्यासाठी सीएनसी मशीनच्या कंट्रोलमध्ये टाकायचा दुरुस्तीचा आकडा. बहुतेक मशीन शॉपमध्ये त्याचं पान म्हणजे सेटरची, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याची, तिजोरी. माप सरकलं की ऑपरेटरने हाक मारायची आणि सेटर येईपर्यंत मशीन उभं ठेवायचं. खरं तर तसंच चालू ठेवलं जातं, कारण प्रॉडक्शनचा आकडा भरायचा असतो. भोसरी-चाकण पट्ट्यात आयटीआय करून आलेला मुलगा वर्षभर पीस लावतो, बटण दाबतो, पीस काढतो आणि तेवढंच शिकून दुसऱ्या कंपनीत जातो. तुम्ही मात्र नव्या पोराला पहिल्याच महिन्यात त्या पानावर बसवायचात. लोकांना ते धाडस वाटायचं, पण त्याआधी तुम्ही चूक स्वस्त करून ठेवलेली असायची.

भंगारात जाणारे शाफ्ट सरावासाठी वेगळे काढलेले असत. पहिल्या कटाला वेअरमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेसाठीच्या ऑफसेटमध्ये, एक्सला (व्यासाच्या दिशेला) +०.५ टाकायचं, म्हणजे बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर जाड निघतो. मग मोजायचं आणि उतरवत आणायचं. सिंगल ब्लॉक चालू म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ चालतो, रॅपिड (मोकळी धाव) २५ टक्क्यांवर, बोट टूलची चाल थांबवणाऱ्या फीड होल्डवर. एवढं केल्यावर नवखा माणूस फार तर एक टाकाऊ शाफ्ट बिघडवू शकतो.

त्यातही फॅनुक कंट्रोलवरचं 'इनपुट' आणि '+इनपुट' तुम्ही जसं शिकवलंत तसं कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. वेअरमध्ये आधीच −०.१२० आहे आणि व्यास ०.०३ जाड येतोय. −०.०३ टाइप करून '+इनपुट' दाबलं की −०.१५० होतं आणि काम भागतं. नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसला जातो, तिथे −०.०३० बसतं आणि पुढचा पीस ०.०३ ऐवजी ०.१२ जाड निघतो. इथवर नुकसान नाही, जाड पीस परत मारता येतो. पोरगा गोंधळून घाईत दुसरी दुरुस्ती ठोकतो आणि खरा पीस तिथे जातो. तुम्ही ही चूक सरावाच्या शाफ्टवर मुद्दाम करायला लावायचात आणि विचारायचात, "जाड का आला?" उत्तर येईपर्यंत तुमचा हात कंट्रोलला लागत नसे. मागे उभं राहून हात आवरणं किती कठीण असतं, ते शिकवायला उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मापाचंही तसंच. मायक्रोमीटरचा रॅचेट तीनदा वाजवायचा हे सगळेच सांगतात. तुम्ही त्यापुढचं कारण सांगायचात. ५० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा पीस १० अंशांनी गरम असला तर साधारण ६ मायक्रॉन फुगतो. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ±१० मायक्रॉन असेल तर निम्म्याहून जास्त हिशेब तिथेच संपतो. मशीनमधून काढल्या काढल्या मोजून ऑफसेट दिला की थंड झाल्यावर तो पीस बारीक भरतो. कारण माहीत असलेला माणूस तिसऱ्या पाळीतही पीस थंड होऊ देतो. नुसता नियम पाठ केलेला माणूस साहेब दिसेनासे झाले की विसरतो.

शिकवण्याचा क्रम आपला नाही, हे तुम्ही स्वतःच सांगायचात. १९४० मध्ये अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा उपक्रम सुरू झाला. युद्धकाळात कारखान्यांत नवखी माणसं भराभर तयार करायची होती. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने उचलला. त्यातले चार टप्पे तुम्ही खिशातल्या कार्डावर लिहून ठेवले होते: माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग येऊन बघत राहा. दुसऱ्या टप्प्यात काम तीनदा दाखवायचं. एकदा पायऱ्या, एकदा खाचाखोचा, एकदा त्यामागची कारणं. इन्सर्ट, म्हणजे टूलवरचा कापणारा तुकडा, बदलणं हे काम दोन मिनिटांचं, तरी त्याचंही कार्ड होतं. जागा हवेने साफ करा, कारण खाली चिप अडकली तर इन्सर्ट टेकत नाही आणि फुटतो. बदलल्यावर पहिला पीस मोजाच, कारण सीएनएमजीसारख्या इन्सर्टच्या दोन कोपऱ्यांत काही शतांश मिलिमीटरचा फरक असू शकतो. चौथा टप्पा सगळ्या कंपन्यांत गळतो. ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही झाली की शिकवणारा गायब. तुम्ही पहिल्या दिवशी तासातासाला यायचात, मग पाळीत दोनदा, मग बोलावल्यावरच.

स्किल मॅट्रिक्सबद्दल, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं त्या तक्त्याबद्दल, थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आयएटीएफचं (वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या मानकाचं) ऑडिट आलं की आदल्या संध्याकाळी पेन घेऊन वर्तुळं भरायची, ही आपल्या धंद्यातली उघडी गोष्ट. वर्तुळाचा एक पाव भरला म्हणजे माहिती आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. तुमच्याकडे चौथा पाव स्वतःच्या कामावर मिळतच नसे. ज्याला शिकवलं तो तीन पावांवर पोचला की शिकवणाऱ्याचं वर्तुळ पूर्ण व्हायचं. या एका अटीने शॉपमधली विद्या लपवायची सवय मोडली. 'माझी ट्रिक' म्हणून सॉफ्ट जॉचं (पीस पकडणाऱ्या मऊ जबड्यांचं) बोरिंग कुणाला न दाखवणारे जुने सेटरही शिकवायला लागले, कारण पुढच्या ग्रेडचा रस्ता तिथूनच जात होता. शिवाय तो तक्ता परमनंट, ट्रेनी आणि कंत्राटी, सगळ्यांसाठी एकच होता.

रिजेक्शनच्या बाबतीत तुमचे प्रश्न ठरलेले. पीस कुठे आहे? त्याच्या मागचे किती तपासले? शेवटचं बरोबर माप कोणत्या पीसला होतं? 'कोणी केलं' हा प्रश्न शेवटी यायचा, आणि तोवर बहुतेक वेळा गरज उरलेली नसायची. जिथे रिजेक्शनवरून इन्सेंटिव्ह कापतात तिथे खराब पीस रिजेक्शनच्या लाल पेटीत येत नाही, चिप्सच्या ट्रॉलीत तळाशी जातो. कास्टिंग ५०० आले, पीस ४८८ गेले, लाल पेटीत ४, मग उरलेले ८ कुठे? हे ८ सापडले नाहीत तर त्यांच्यामागचं कारण चालूच राहतं आणि एखादा पीस ग्राहकाकडे पोचतो. मग तिथे जाऊन अख्खा लॉट निवडत बसायचं. लाल पेटीत स्वतःहून पीस टाकणाऱ्याला तुम्ही कधी चारचौघांत बोलला नाहीत. बोलायचं असलं तर चहाच्या वेळेला, एकट्याला, आणि तेही ड्रॉइंग हातात घेऊन.

आणखी एक आभार, जे मानायला आम्हाला उशीरच झाला. चांगला माणूस सोडवत नाही, हे सुपरवायझरचं जुनं दुखणं. टर्निंगवरचा हुकमी ऑपरेटर व्हीएमसीला (उभ्या मिलिंग मशीनला) किंवा क्वालिटीला दिला तर आपल्या लाइनचा आकडा पडतो आणि शिव्या आपल्याला बसतात. तरी तुम्ही माणसं सोडलीत, आणि सोडायच्या आधी त्याच्या जागी दुसरा उभा केलात. पार्ट टाइम डिप्लोमा करणाऱ्यांना परीक्षेच्या आठवड्यात पहिली पाळी मिळावी म्हणून पाळ्यांचा तक्ता तुम्ही महिनाभर आधी जुळवायचात. वरच्या ऑफिसला हे कधी कळलंही नसेल.

आता कामाचं. तुमची कार्डं आम्ही प्लॅस्टिकमध्ये घालून मशीनवर लावली आहेत. एका गोष्टीवर मात्र इथे एकमत होत नाही. तिसरा पाव देण्यासाठी तुमची अट सलग ३० चांगले पीस आणि मध्ये एक इन्सर्ट बदल अशी होती. काहींचं म्हणणं, त्यात एक तिसरी पाळी धरावी, कारण रात्री विचारायला कोणी नसतं आणि खरी परीक्षा तेव्हाच होते. दुसऱ्यांचं म्हणणं, नवख्याला एकटं रात्री ठेवणं तुमच्याच पद्धतीविरुद्ध आहे. नवीन ट्रेनींची बॅच येण्याआधी हे ठरवायचं आहे. तुमचं मत कळवा, गुरुवारी सुट्टीच्या दिवशी फोन केलात तरी चालेल.

आपले,
टर्निंग आणि व्हीएमसी लाइनची मंडळी