उघड्या थंड कपाटांना काचेची दारे लावा

महोदय,

मुंबईतल्या अनेक सुपरमार्केटांत दूध, दही, पनीर, श्रीखंड उघड्या थंड कपाटांत मांडलेले असते. समोरून जाताना पायांना गारवा लागतो. विजेचे पैसे मोजून थंड केलेली ती हवा खाली उतरून दुकानभर पसरते. तिच्या जागी बाहेरची दमट हवा आत शिरते आणि यंत्रावरचा बहुतेक भार तिचाच असतो. पावसाळ्यात तर हवेतले बाष्प आतल्या नळ्यांवर बर्फ होऊन बसते, तो वितळवायला पुन्हा वीज. शिवाय पुढच्या रांगेतले पनीर मागच्यापेक्षा कोमट राहते. असा माल ५ अंश सेल्सिअसच्या आतच ठेवायला हवा.

दार असले की गिऱ्हाईक हात घालत नाही, ही दुकानदारांची धास्ती मला पटत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा डेअरीवाला श्रीखंडाचे डबे काचेच्या दारामागेच ठेवतो आणि पाडव्याला तिथे रांग लागते. काचेवर दव धरते हे खरे, पण दुहेरी काचेने ते पुष्कळ कमी होते. निदान नव्या दुकानांना परवाना देताना ही अट घालावी, आणि आतले तापमान गिऱ्हाईकाला बाहेरून दिसलेच पाहिजे.

— एक गृहिणी, विलेपार्ले (पूर्व), मुंबई