१२ बाय १८ ची प्रिंट ब्लर आली, परत छापून द्या

नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या वेबसाइटवरून १२ बाय १८ इंचाची प्रिंट फ्रेमसकट मागवली होती, आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत त्यासाठी. लग्नातला एकच धड फोटो उरलाय, ४ बाय ६ चा ब्लॅक अँड व्हाइट, तो मी स्वतः १२०० डीपीआयला (दर इंचाला १२०० पिक्सेल) स्कॅन केला, म्हणजे ४८०० बाय ७२०० पिक्सेल झाले. १२ बाय १८ ला ३०० डीपीआयने छापायचं तर ३६०० बाय ५४०० पुरतात, आणि प्रमाण तेच असल्यामुळे कडा कापायचाही प्रश्न नव्हता.

तरी अपलोड केल्यावर लाल पट्टी आली, रिझोल्यूशन कमी आहे म्हणून. कस्टमर केअरला फोन केला तर तिथले दादा म्हणाले, "फाइल ७२ डीपीआयची आहे, आम्ही ३०० करून घेतो." मी दोनदा सांगितलं की डाग काढून सेव्ह करताना सॉफ्टवेअरने फाइलवर ७२ लिहिलंय, तो नुसता आकडा आहे, पिक्सेल आहेत तेवढेच आहेत, रिसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलणारा पर्याय) बंद ठेवून उंची १८ इंच टाका, आपोआप ४०० दिसेल. ते हो हो म्हणाले.

काल प्रिंट आली. स्कॅनमध्ये आईच्या नथीतला एकेक मोती मोजता येतो, बाबांच्या मुंडावळ्यांच्या सरी वेगवेगळ्या दिसतात, आणि प्रिंटवर नथीच्या जागी नुसता पांढरा ठिपका. आईने चष्मा पुसून परत बघितलं, तेव्हा मला फारच वाईट वाटलं.

तुम्ही मेल केलेली फायनल फाइल उघडली तर ८६४ बाय १२९६ पिक्सेल! म्हणजे ७२ तसंच ठेवून माप १२ बाय १८ केलं, जवळजवळ साडेतीन कोटी पिक्सेलमधले ११ लाख उरले आणि तेवढेच ताणून छापले. एकदा गेलेले पिक्सेल परत येत नाहीत, मग फाइलवर काहीही लिहा, हे छपाई करणाऱ्या माणसाला माहीत असायलाच हवं. ती लाल पट्टी पण डीपीआय बघून दाखवू नका, पिक्सेलला इंचांनी भागून दाखवा, माझ्यासारखे किती जण चांगली फाइल असून घाबरत असतील.

मला रिफंड नकोय. ओरिजिनल फाइल तुमच्याकडे आहे, तीच एक पिक्सेल न बदलता छापा, जादा पैसे न घेता. कार्यक्रम येत्या रविवारी आहे, शुक्रवारपर्यंत हातात पाहिजे. छापायच्या आधी फाइल मेलवर दाखवा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, तिथे तो परत लहान होतो. फ्रेम चांगली आहे, ती नेऊ नका, फक्त आतला फोटो बदलून द्या.