जनपथावरच्या हॉटेलात दोन रात्री

नवी दिल्ली,
१७ नोव्हेंबर

प्रिय दत्तू,

तुझं पत्र मिळालं. वहिनींची साठी दिल्लीत करायची आणि एकदा तरी मोठ्या हॉटेलात राहायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत, फार बरं वाटलं. पण खाली तू लिहिलंस, ‘नुसतं झोपायला पंचवीस हजार मोजायचे, हे अजून मनाला पटत नाही.’ त्यावर सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी इथल्या पंचतारांकित हॉटेलाच्या हाउसकीपिंगमध्ये गेली. हे पैसे कशाचे असतात, ते मी हातांनी केलेलं आहे.

आधी महिन्याचं. आत्ता अजिबात येऊ नका. दिवाळी संपली की इथल्या हवेत धूर साचतो, वहिनींना खोकल्याचा त्रास आहे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या सहा-सहा तास उशिरा येतात आणि २६ जानेवारीच्या आठवड्यात निम्मे रस्ते बंद. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धर. थंडी मऊ पडलेली असते, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान (पूर्वीचं मुघल गार्डन) त्याच सुमारास लोकांना उघडतात आणि शहरभर फुलंच फुलं असतात. उद्यानाचं तिकीट फुकट, पण ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. ते मी करून ठेवीन.

आता हॉटेल. दिल्लीत नवी-जुनी चिक्कार आहेत. नवी काचेची मला तरी सगळी सारखीच वाटतात. दुबईत काय, बंगळुरात काय, पडदा ओढला की कुठे आहोत ते कळत नाही. दिल्लीत राहायचं तर दिल्लीचं हॉटेल हवं. सिव्हिल लाइन्समधलं मेडन्स १९०३ सालचं, नवी दिल्ली जन्माला यायच्या आधीचं. राजधानी बांधायला आलेले लुटियन्ससाहेब सुरुवातीला तिथेच उतरत. चाणक्यपुरीतलं अशोक हे सरकारी. १९५६ साली युनेस्कोची परिषद दिल्लीत भरायची होती आणि एवढ्या परदेशी पाहुण्यांना ठेवायला जागाच नव्हती, म्हणून नेहरूंनी ते उभारायला लावलं. आराखडा मुंबईच्या बी. ई. डॉक्टरांचा. आवार प्रचंड, बाहेरून एखाद्या किल्ल्यासारखं दिसतं. ओबेरॉय १९६५ चं. तिथे एका बाजूच्या खिडकीतून गोल्फचं मैदान आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून हुमायूनचा मकबरा. हवा गाळून आत सोडायची तिथली व्यवस्था उत्तम आहे, नोव्हेंबरातच यायचं असतं तर मी तेच सांगितलं असतं.

पण तुम्हा दोघांसाठी मी इंपीरियल ठरवलंय. जनपथावर, कॅनॉट प्लेसपासून चालत पाच-सात मिनिटं. १९३६ साली व्हाइसरॉय विलिंग्डननं त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा त्या रस्त्याचं नाव क्वीन्सवे होतं. फाटकातून आत वळलं की दोन्ही बाजूंना उंच किंग पामची रांग लागते, चोवीस झाडं आहेत. हॉर्नचा आवाज तिथेच मागे राहतो. आत पांढऱ्या भिंती, संगमरवर आणि लांबच लांब बोळ, त्यांत दोनशे वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानची चित्रं टांगलेली. डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांनी काढलेले किल्ले, घाट, देवळं. तू इतिहासाचा मास्तर. तुला खोलीपेक्षा ते बोळच जास्त आवडतील. एक संध्याकाळ फक्त तेवढ्यासाठी राखून ठेव, कोणी हटकत नाही.

आणि ही नुसती श्रीमंतांची उठबस नव्हती. ९ जून १९४७ ला मुस्लिम लीगच्या कौन्सिलची बैठक याच इमारतीतल्या दालनात भरली आणि तिनं फाळणीची योजना मान्य केली. फाळणीला विरोध करणारे खाकसार संघटनेचे लोक बेलचे (फावडी) घेऊन आत घुसले होते. आज तिथे लग्नाचे स्वागत समारंभ होतात, मुली मेंदीचे हात सांभाळत फिरतात. मी त्या दालनाच्या दाराशी उभा राहिलो की अंगावर काटा येतो. पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्या छताखाली कोट्यवधी माणसांची घरं कुठे राहणार हे ठरलं, त्या छताखाली उभं राहणं वेगळं.

आता पंचवीस हजारांचा हिशेब. दत्तू, खोलीत शिरल्यावर तुला पलंग दिसेल. तो कसा होतो ते सांगतो. इस्त्रीच्या चादरीला मधोमध एक घडी असते. चादर झटक्यात हवेत सोडायची आणि ती घडी गादीच्या बरोबर मध्यावर उतरली पाहिजे. नाही उतरली तर ओढून सारखी करायची नाही, पुन्हा झटकायची. मग पायथ्याचे कोपरे तिरपे दुमडून गादीखाली इतके घट्ट खोचायचे, की रात्रभर कूस बदलली तरी सुटता कामा नयेत. शेवटी उलटा तळहात फिरवायचा, कारण बारीक सुरकुती डोळ्याला दिसत नाही, हाताला लागते. न्हाणीघरात तर याहून जास्त काम. नुसतं धुवायला कोणीही धुतो, पण धुतल्यावर नळ, आरसा, काच, फरशी यांवर पाण्याचा एक थेंब राहू द्यायचा नाही. थेंब वाळला की डाग पडतो. नवीन पोरांना मी दाराशी गुडघ्यावर बसवून उजेडाच्या तिरप्या रेघेत फरशी बघायला लावायचो. उभं राहून स्वच्छ दिसणारी फरशी खाली बसून बघितली की सगळं सांगते.

ही पोरं बहुतेक उत्तराखंडची, बिहारची, हल्ली ईशान्येकडचीही. गढवालहून आलेला एक मुलगा माझ्याकडे होता. एका पाहुण्यांनी उशीखाली चष्मा ठेवला की तो रोज चष्मा पुसून, घडी उघडून, पलंगाच्या त्याच बाजूला ठेवायचा. कुणी शिकवलं नव्हतं. त्या पाहुण्यांनी जाताना त्याच्या हाती चिठ्ठी दिली, त्यानं ती अजून पाकिटात ठेवली आहे. मोठ्या हॉटेलात आपण विकत घेतो ती ही नजर. आपल्याला काय लागेल ते आपण सांगायच्या आधी कोणाच्या तरी लक्षात आलेलं असतं. वहिनींनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. दोन रात्री त्यांच्या उशाशी कोणीतरी ठेवू दे. एवढ्यासाठी पैसे खर्च कर, मनात काही किंतु आणू नकोस.

दोनच रात्री मात्र. तिसऱ्या दिवशी नव्याची नवलाई ओसरते, शिवाय साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. बाकीचे दिवस आमच्या घरी, ही विनंती नाही. खोली सकाळी मागू नकोस. दुपारी दोन-तीनच्या आधी देत नाहीत, पण सामान बेल डेस्कवर ठेवून घेतात. न्याहारी धरूनच खोली घ्या आणि दहाला धावतपळत जाऊ नका, साडेसातला जाऊन निवांत बसा. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं काही घेऊ नका, त्याचे पैसे अवाच्या सवा. टिप द्यायची असेल तर खोली झाडणाऱ्याच्या हातात द्या. दरवानाला सगळेच देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला निघायचं. जनपथाला दुतर्फा अर्जुनाची झाडं आहेत, अकबर रोडला चिंचेची. राजधानी आखतानाच कोणत्या रस्त्याला कोणतं झाड हे ठरवून लावलेलं आहे. दिल्लीचा खरा श्रीमंती थाट बघायचा तर तो या बंगल्यांच्या भागात. सुमारे अठ्ठावीस चौरस किलोमीटर जागा, बैठी घरं, पुढेमागे हिरवळ. तिथे राहतात मंत्री, न्यायाधीश आणि मूठभर धनाढ्य. मुंबईत पैसेवाला उंच चढतो, दिल्लीत पैसेवाला आडवा पसरतो. मला हे शहर आवडतं, पण एवढी मोकळी जागा इतक्या थोड्या माणसांना, हे मला कधीच पटलेलं नाही.

इंडिया गेटच्या भोवती संस्थानिकांचे वाडे आहेत. हैदराबाद हाउस लुटियन्सचं, तिथे आता पंतप्रधान परदेशी पाहुण्यांना भेटतात. पतियाळा हाउसमध्ये कोर्ट भरतं. जयपूर हाउसमध्ये आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते मात्र आत जाऊन बघा. बिकानेर हाउसमध्येही जाता येतं, तिथे प्रदर्शनं असतात. आणि बडोदा हाउसपाशी तू थांबशीलच. आपल्या गायकवाडांचा वाडा, तोही लुटियन्सनं बांधलेला, आज तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. ज्या १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जनं राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याचं जाहीर केलं, त्याच दरबारात सयाजीराव एकदाच लवून, पाठ फिरवून निघून गेले आणि इंग्रजांनी केवढं काहूर माजवलं, हे तूच आम्हाला शाळेच्या कट्ट्यावर सांगायचास. त्या नव्या राजधानीत त्यांचंही घर उभं राहिलं.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालय. मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी बघा. वीतभरसुद्धा नाही, पण कमरेवरचा तो हात बघून वहिनी हसतील. संध्याकाळी लोदी गार्डन. तिकीट नाही, घुमटांच्या खाली म्हाताऱ्यांची योगासनं आणि पोरांचं क्रिकेट चाललेलं असतं.

लाल किल्ल्याला सोमवार सोडून जा. तिथे मी तुझ्याबरोबर येणार. दिवाण-ए-खासमध्ये गेलं की वर बघायचं. तिथलं चांदीचं छत भाऊसाहेबांनी १७६० साली उतरवून वितळवलं, फौजेच्या पगारासाठी. पानिपतच्या आधीची ती ओढाताण त्या छताकडे बघून जशी कळते तशी बखरी वाचून कळत नाही. आणि मग महादजी. कोरेगावहून कण्हेरखेड किती लांब, सायकलवर जायचो आपण. त्या गावच्या शिंद्यांच्या महादजीनं १७७२ मध्ये मुघल बादशहा शाह आलमला परत दिल्लीच्या तख्तावर बसवलं, पुढे १७८४ मध्ये वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी कारभारी, झाला. रोहिला सरदार गुलाम कादिरनं बादशहाचे डोळे काढले तेव्हा सोडवायलाही त्याचीच फौज आली. १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत हे सगळं इंग्रजांच्या हाती गेलं. मी राहतो तिथून पटपडगंज जवळच आहे, आता तिथे नुसत्या सोसायट्या. नेईन तुला, बघण्यासारखं काही नसलं तरी.

जेवणाचं म्हणशील तर एक रात्र आयटीसी मौर्यमधल्या बुखाराला द्या. उडदाची काळी डाळ रात्रभर मंद निखाऱ्यावर शिजत ठेवतात, लोणी-टोमॅटो घालून. गळ्यात एप्रन बांधून हातानं खायचं, काटे-चमचे मांडत नाहीत. क्लिंटनसुद्धा तसेच जेवले. स्टुलं बुटकी आहेत, वहिनींच्या गुडघ्यांना जमेल का ते आधी विचार. त्याच हॉटेलच्या लॉबीत मान वर केली की कृष्ण खन्नांनी रंगवलेला घुमट दिसतो. लाकडी छताच्या खणाखणांतून मिरवणूक निघाल्यासारखी माणसं, वाजंत्री, फळवाले, जनावरं. लोक खाली मोबाइल बघत निघून जातात याचं मला फार वाईट वाटतं. जेवायच्या आधी अर्धा तास तिथे बसाच.

आणखी एका सकाळी जुन्या दिल्लीत दौलत की चाट खायला घालीन. दुधाचा फेस, वर केशर आणि खवा. थंडी सरली की मिळत नाही, फेब्रुवारीअखेर शेवटची शेवटची असते. जिभेवर ठेवली की नाहीशी होते. द्रोण वीस-तीस पावलं चालेपर्यंत संपतो, मग पुन्हा घ्यायचा. आणि मध्येच घरच्या चवीची आठवण झाली तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे.

गाडीचं सोपं आहे. साताऱ्याला गोवा एक्सप्रेसमध्ये बसायचं, ती थेट हजरत निजामुद्दीनला आणते, मध्ये बदलायची भानगड नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा डिसेंबरच्या मध्यावर काढून टाक, दोन्ही खालचे बर्थ माग. निजामुद्दीनला मी स्टेशनवर येईन. सामान गाडीत टाकून आधी हुमायूनचा मकबरा बघू, तो स्टेशनच्या अगदी जवळ आहे, आणि मग तुम्हाला जनपथावर सोडतो. खोली मी हॉटेलशी बोलून ठरवतो. जुन्या ओळखीचे दोघे-तिघे अजून तिथे आहेत. बागेच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची मागतो. तारीख नक्की झाली की फोन कर, पत्राची वाट बघायला लावू नकोस.

येताना आपल्याकडचा वाघ्या घेवडा आण दोन किलो. इथे राजमा-चावलवर माणसं जीव टाकतात, त्यांना आपला घेवडा एकदा करून घालायचा आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू